भागीदार क्रमांक सहा

आमच्या साडूभाऊंइतका युरोपवर जीव टाकणारा माणूस खुद्द युरोपातही सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे त्यांनी युरोपात कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं. लोक युरोपवर प्रेम करतात ते तिथल्या बर्फासाठी, चित्रांसाठी, फार झालं तर चॉकलेटसाठी. साडूभाऊंचं प्रेम जडलं होतं ते ब्रसेल्सहून चालणाऱ्या एका सरकारी योजनेवर. वेगवेगळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी आपापल्या सीमा ओलांडून एकत्र संशोधन करावं आणि त्याचा खर्च युरोपच्या सामाईक तिजोरीतून व्हावा, अशी ती योजना. तिची माहितीपत्रकं, नियमावल्या आणि दुरुस्त्यांची परिपत्रकं आखातातल्या अल ऐन गावातल्या त्यांच्या फ्लॅटच्या शोकेसमध्ये मांडलेली असत. इतरांच्या घरी त्या जागी काचेचे उंट असतात. पाहुण्यांनी कुतूहलाने काच सरकवली की ताई, म्हणजे साडूभाऊंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, "हात लावू नका हो, ती माझी सवत आहे!"

साडूभाऊ मूळचे गुहागरकडचे, पेशाने कीटकशास्त्रज्ञ, आणि अल ऐनच्या विद्यापीठात शेती विभागात नोकरीला. मी तिथल्याच एका इस्पितळाच्या भांडारात काम करायचो आणि आमची इमारत त्यांच्या इमारतीला लागून होती, त्यामुळे त्यांच्या आयुष्यात काय चाललंय हे मला माझ्या आयुष्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं. त्यांच्या आयुष्यात एकच गोष्ट चालू असायची. कोकणात नारळाच्या झाडाला सोंड्या भुंगा लागतो. बाहेरून झाड हिरवंगार दिसत असतं आणि आत त्याच्या अळ्या बुंधा पोखरत असतात, आणि मग एक दिवस ते उभं झाड मान टाकतं. साडूभाऊंच्या वडिलांची अर्धी बाग अशीच गेली होती. पुढे साडूभाऊ आखातात आले आणि काही वर्षांत हाच भुंगा खजुराच्या झाडांमागे तिथेही आला. ताईचं म्हणणं, यांच्या सामानातूनच आला असणार. नंतर तो खजुराच्या रोपांतून लपूनछपून इजिप्तला गेला, तिथून स्पेनला पोचला. ती बातमी आली त्या दिवशी साडूभाऊ जेवले नाहीत. "माझी अख्खी हयात याच्या मागे गेली," ते मला म्हणाले, "तो स्पेनला पोचला आणि मी अजून वकिलातीच्या रांगेत. भुंग्याला व्हिसा लागत नाही, हेच तर सगळं दुखणं आहे!"

हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांना इटलीतल्या एका परिषदेचं आमंत्रण आलं होतं, तेव्हा सूट शिवून झाला, ताईने लाडू करून झाले, आणि पासपोर्टवर शिक्का मिळाला तो परिषद आटोपल्यावर. दुसरा कोणी असता तर चिडला असता. साडूभाऊंनी त्या शिक्क्याकडे कौतुकाने बघत म्हटलं, "बघा, छपाई काय सुंदर आहे!" लाडू आम्ही खाल्ले. सूट त्यांनी शोकेसच्या शेजारच्या कपाटात टांगून ठेवला आणि पुढची कितीतरी वर्षं त्यात डांबराच्या गोळ्या बदलत राहिले.

भुंग्याचा माग काढायची त्यांची रीत अल ऐनमध्ये प्रसिद्ध होती. अळी आत बुंधा खाते तेव्हा कुरकुर कुरकुर असा बारीक आवाज होतो, आणि झाडाला कान लावला तर सवयीच्या माणसाला तो ऐकू येतो. साडूभाऊ रस्त्यात दिसेल त्या खजुराला कान लावायचे. अल ऐनमध्ये दर चौकाला एक गोल बाग आणि दर गोल बागेत खजूर, त्यामुळे त्यांना घरून विद्यापीठात जायला किती वेळ लागेल ते कोणीच सांगू शकत नसे. आमची मुलगी शाळेच्या बसमधून उतरली की पहिलं वाक्य म्हणायची, "डॅड, काका इज हगिंग द ट्री अगेन!" शेवटी मला लाज वाटून मी आमच्या भांडारातून बाद झालेला एक स्टेथोस्कोप रीतसर परवानगी काढून त्यांना आणून दिला. निदान मिठी तरी मारणार नाहीत, एवढाच माझा हेतू. त्यावर ते इतके खूश झाले की तो स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यातून उतरेचना. एकदा गस्तीवरच्या पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, "ए हबीबी, इधर क्या करता?" साडूभाऊंनी ओठावर बोट ठेवलं आणि खुणेने सांगितलं, तपासणी चालू आहे. पोलिसाने झाडाकडे पाहिलं, साडूभाऊंकडे पाहिलं, आणि टोपी सारखी करून तो निघून गेला. त्यानंतर तो दिसला की गाडीची काच खाली करून विचारायचा, "दकतूर, पेशंट कैसा है?"

त्या योजनेचा एक नियम साडूभाऊंच्या रक्तात भिनला होता. अर्ज करायचा तर एकट्याने चालत नाही, निदान तीन वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांनी भागीदारी करायची, कामाचे भाग पाडून घ्यायचे, प्रत्येक भागाचा एक प्रमुख नेमायचा आणि शेवटी हातात काय पडणार ते आधीच लिहून द्यायचं. यात साडूभाऊंना माणुसकीचं सार दिसायचं. त्यामुळे जबल हफीतच्या पायथ्याशी सहल काढायची ठरली की ते आधी विचारायचे, "देश किती?" आम्ही दोन कुटुंबं आणि शेजारचे कासीमभाई. कासीमभाईंचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि ते पडले रत्नागिरीचे, म्हणजे सगळे एकाच देशाचे. "मग ही सहल पात्रच ठरत नाही," साडूभाऊ म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या विभागातले एक सुदानी प्राध्यापक आणि आमच्या इस्पितळातली एक फिलिपिनो नर्स असे दोन देश आणखी जमवून आणायचे. मग पहिला भाग पुरी-भाजी, प्रमुख ताई. दुसरा भाग कोळसा आणि कोंबडी, प्रमुख कासीमभाई. धोक्यांचा तक्ता वेगळा: वाळूचं वादळ आलं तर काय, मीठ विसरलं तर काय. आम्ही त्यांची मनसोक्त टिंगल करायचो. पण खरं सांगायचं तर त्या सुदानी गृहस्थांनी आमच्या ताईला भेंडीची जी भाजी शिकवली ती आमच्या घरात आजही होते, आणि मीठ आम्ही एकदाही विसरलो नाही.

त्यांच्या घरात दोन घड्याळं होती, एक अल ऐनचं आणि एक ब्रसेल्सचं. इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी, तिथे शनिवार-रविवार, त्यामुळे दोन्हीकडची माणसं जागेवर असण्याचे दिवस आठवड्यात जेमतेम तीन. त्या तीन दिवसांत साडूभाऊ इतके उत्साहात असत की ताई बाजाराची कामं तेव्हाच उरकून घ्यायची. बाकीचे दिवस ते घरात येरझारा घालत. युरोपातले सणवार त्यांना पाठ. संकष्टी कधी आहे ते ताईला विचारावं लागायचं, पण बेल्जियमचं पोस्ट कोणत्या गुरुवारी बंद, ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. ऑगस्टमध्ये अख्खा युरोप समुद्रावर जातो म्हणून त्या महिन्यात ते सुतकात असल्यासारखे बसत.

आणि पत्रं लिहून लिहून, भागीदार जमवून केलेला अर्ज नामंजूर झाला की त्यांच्या घरी श्रीखंड व्हायचं. पहिल्यांदा मला वाटलं, चुकून मंजूर झाला. "छे हो," साडूभाऊ म्हणाले, "नामंजूरच. पण शेरे वाचा!" परीक्षकांनी दोन पानं भरून लिहिलं होतं: हे अपुरं आहे, ते अस्पष्ट आहे, अमुक भागाचा तमुक भागाशी संबंध लागत नाही. "कुठल्या कुठल्या देशांतली मोठी माणसं," साडूभाऊ गहिवरून सांगत होते, "ओळख ना पाळख, आणि त्यांनी माझं एकूण एक पान वाचलंय. इथे मी विभागात अहवाल देतो तो कोण वाचतं?" असं श्रीखंड आम्ही बरेचदा खाल्लं.

साठी जवळ आली तशी मात्र ताईच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. आखातात आपला मुक्काम नोकरीच्या व्हिसावर, आणि त्यांच्या विद्यापीठाचा नियम असा की साठ पूर्ण झाली की व्हिसा संपला, घरी जा. फक्त एक अपवाद होता. बाहेरच्या एखाद्या मोठ्या प्रकल्पाचं काम माणसाच्या हाती सुरू झालेलं असेल तर ते संपेपर्यंत त्याला ठेवून घेत. नेमका त्याच सुमारास स्पेनच्या एका विद्यापीठातल्या बाईंचा साडूभाऊंना ईमेल आला. त्यांच्या गावात खजुराची शेकडो वर्षं जुनी बाग होती, आणि तिच्यात भुंगा शिरला होता. बाईंनी साडूभाऊंचे निबंध वाचले होते. स्पेन, इटली, ग्रीस, इजिप्त आणि मोरोक्को असे पाच भागीदार जमले होते. सहावे तुम्ही व्हाल का, असं त्यांनी विचारलं होतं.

त्या संध्याकाळी साडूभाऊ आमच्याकडे आले ते बूट न काढताच आत आले. चहा होईपर्यंत त्यांनी अख्खी योजना मला समजावून सांगितली. हिशेबाच्या माणसाला जे सुचायचं ते मला सुचलं. मी विचारलं, "साडूभाऊ, यात तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही. हा देश त्यांच्या पैसे मिळणाऱ्यांच्या यादीत बसत नाही, त्यामुळे सहाव्या भागीदाराने स्वतःच्या खर्चाने यायचं."

"आणि हे तुम्ही आनंदाने सांगताय?"

"अहो, टेबलाभोवती खुर्ची मिळणार!" ते म्हणाले. "इथे मी किती वर्षं आहे? इथे मी कुणाच्या तरी कागदावर आहे. विद्यापीठाच्या व्हिसावर मी, माझ्या व्हिसावर तुमची ताई. कासीमभाईंचं दुकान त्यांच्या हमीदार अरबाच्या नावावर. चूक काही नाही त्यात, पोटाला मिळालंय, मान मिळालाय. पण आपणहून बोलावून भागीदार असं मला कुणी म्हटलं नाही हो कधी. त्या अर्जात स्पेन एक नंबरला आणि आपण सहाव्या, पण शब्द एकच आहे. भागीदार."

माझी बायको चहाचे कप घेऊन दारातच थांबली होती. "भाऊजी," ती म्हणाली, "म्हणजे तुमचं नाव छापून येणार?"

"माझं नाही, विद्यापीठाचं. भागीदार संस्था असते, माणूस नव्हे," साडूभाऊ अभिमानाने म्हणाले. "माणूस आज आहे, उद्या नाही. संस्था राहते. केवढा लांबचा विचार केलाय बघा त्या लोकांनी!"

पुढचे काही महिने त्यांच्या घरात फक्त भुंगा आणि स्पेनच्या बाई. अर्जातल्या धोक्यांचा तक्ता साडूभाऊंच्या वाट्याला आला होता, आणि अशा कामाला त्यांच्याइतका लायक माणूस अख्ख्या भूमध्य समुद्राच्या काठावर नव्हता. पूर, दुष्काळ, संप, प्रयोगशाळेतली वीज जाणं, अळ्यांचं पार्सल विमानतळावर अडकणं, सगळ्यांवर उपाय लिहून झाले. बाई फोनवर म्हणाल्या की असा तक्ता त्यांनी जन्मात पाहिला नाही. आता उरला होता फक्त विद्यापीठाच्या मान्यतेचा एक कागद. त्यावर शिक्का मारून झाला होता, डीनसाहेबांची सही तेवढी बाकी होती. तो मूळ कागद स्पेनला पोचला की बाई सगळा गठ्ठा ब्रसेल्सला पाठवणार. शेवटची तारीख ठरलेली, आणि साडूभाऊ सांगायचे की ब्रसेल्सची शेवटची तारीख म्हणजे शेवटची तारीख, तिथे पाच वाजता खिडकी बंद म्हणजे बंद.

रमजान चालू होता. सगळी कामं मंदावलेली. डीनसाहेब म्हणाले, "दकतूर, उद्या ये, इन्शाल्ला." साडूभाऊ निर्धास्त घरी आले. त्यांच्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी तिसावा रोजा होता, कचेरी अर्धा दिवस उघडी राहणार होती. सूर्य मावळला आणि थोड्या वेळाने कासीमभाई हसत हसत जिना चढून आले, हातात शेवयांचा डबा. "चाँद दिसला, प्रोफेसरसाब! ईद मुबारक! यंदा एकोणतीसच रोजे!"

त्या रात्री अल ऐनमध्ये चंद्र दिसल्याचं ऐकून ज्याचा चेहरा पडला असा एकच माणूस असेल. साडूभाऊ मटकन खुर्चीत बसले. युरोपातला एकूण एक सण ज्यांना पाठ, बेल्जियमचं पोस्ट कधी बंद ते ज्यांना ठाऊक, आणि इतकी वर्षं ज्या गावात राहिले तिथली ईद चंद्रावर ठरते, ती एक दिवस अलीकडे येऊ शकते, हे त्यांच्या धोक्यांच्या तक्त्यातून निसटलं होतं. आता ईदची सुट्टी संपून कचेरी उघडेपर्यंत ब्रसेल्सची खिडकी कधीच बंद झालेली असणार. ताईने ब्रसेल्सच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की सवत सवत म्हणत तिनेही त्या योजनेवर जीव लावला होता.

कासीमभाईंना सगळं समजायला थोडा वेळ लागला, पण समजल्यावर मार्गही त्यांनीच काढला. "हात्तिच्या! सकाळी नमाज झाली की मी गाडी काढतो. तुमचा डीन त्याच्या शेतावर असेल, सगळे असतात. ईदच्या दिवशी कुणी कुणाला दारातून परत पाठवत नाय. पण एक ध्यानात ठेवा, प्रोफेसरसाब. गेल्या गेल्या कागद काढायचा नाय. ईद आहे. आधी बसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे शेतावर पोचलो. साडूभाऊंनी इटलीसाठी शिवलेला तो सूट घातला होता आणि सगळ्या गाडीत डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला होता. डीनसाहेब पांढऱ्या शुभ्र, पायघोळ कंदुऱ्यात दारातच उभे. "दकतूर! ईद मुबारक! यल्ला, बैठो, बैठो!" बैठकीत पन्नासेक पाहुणे, खजुराची ताटं, आणि कॉफी. ती चिमुकल्या कपातून देतात, आणि नको असेल तेव्हा कप हलवून परत करायचा असतो. साडूभाऊंना हे चांगलं ठाऊक होतं. पण कप हलवला म्हणजे पाहुणचार आटोपला आणि मग उठावं लागेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. कागद तर काढलेला नाही, मग कप कसा हलवायचा? ते पीत राहिले. वाढणारा माणूस येत होता आणि साडूभाऊ मुकाट्याने कप पुढे करत होते. डोळे हळूहळू विस्फारत चालले होते. कासीमभाई हवापाण्याबद्दल, मुलाबाळांबद्दल, उंटांबद्दल अगदी सावकाश बोलत होते आणि माझं लक्ष सारखं मनगटावरच्या घड्याळाकडे जात होतं, कारण सही झाल्यावर आम्हाला दुबईच्या विमानतळापर्यंत जायचं होतं. ईदच्या दिवशी कुरियरची खिडकी तिथेच काय ती उघडी होती.

शेवटी डीनसाहेब उठले आणि सगळ्यांना बाग दाखवायला घेऊन निघाले. मधोमध एक जुना खजूर होता. त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने लावलेला. ते त्याच्या बुंध्यावर थोपटून काहीतरी सांगत होते आणि मी साडूभाऊंना कोपराने ढोसलं की आता, हीच वेळ. त्यांनी कोटाच्या आत हात घातला. बाहेर आला तो स्टेथोस्कोप.

पुढचं मला थांबवता आलं नाही. ते झाडाशी गेले, इकडे लावून पाहिलं, तिकडे लावून पाहिलं, गुडघ्यावर बसले, तो सूट मातीत टेकला. बोलणारे पाहुणे भोवती जमले. मग साडूभाऊ उभे राहिले आणि ईदच्या दिवशी, सगळ्या गोतावळ्यासमोर, ज्यांच्या सहीवर त्यांची खुर्ची अवलंबून होती त्या माणसाला म्हणाले, "सर, आय ॲम व्हेरी सॉरी. भुंगा आहे." कासीमभाईंनी डोळे मिटून घेतले. साडूभाऊंनी स्टेथोस्कोप डीनसाहेबांच्या कानांना लावला. डीनसाहेब बराच वेळ ऐकत राहिले. झाडाकडे बघता बघता त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "माय फादर..." एवढंच म्हणाले.

"जगेल," साडूभाऊ म्हणाले. "आज हात घातला तर जगेल." आणि कोट काढून त्यांनी कासीमभाईंच्या हातात दिला. मग गड्यांना बोलावणं, भोकं शोधणं, पाटावरून पाणी आणणं, कोरून अळ्या काढणं, औषध ओतून माती लिंपणं, सगळं त्यांनी उभं राहून करवून घेतलं आणि निम्मं स्वतः केलं. औषध त्यांच्याजवळ होतं, ते त्यांच्याजवळ कायमच असायचं. बाकीच्या झाडांनाही त्यांनी एकेक करून कान लावला. हात धुतले, ईद मुबारक म्हणून सगळ्यांच्या गळ्यात पडले, आणि गाडीत जाऊन बसले. कागद ते साफ विसरले होते. मी आणि कासीमभाई एकमेकांकडे बघतच राहिलो. ज्या माणसाचं सगळं आयुष्य त्या कागदावर टांगलेलं, तो गाडीत बसून समाधानाने म्हणत होता, "वाचेल हो, नक्की वाचेल."

कासीमभाई म्हणाले, "प्रोफेसरसाब, ते तुमचं युरोप?" आणि साडूभाऊंनी कपाळावर हात मारला. डीनसाहेब आम्हाला पोचवायला गाडीपर्यंत आले होते. त्यांनी कोटाच्या खिशातून डोकावणारा लिफाफा पाहिला, काही न विचारता हात पुढे केला आणि कासीमभाईंच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. "खलास," ते म्हणाले. "दकतूर, तू आधी का नाही सांगितलंस?" साडूभाऊंनी सांगितलं, "सर, झाड जास्त आजारी होतं."

कागद वेळेत पोचला. काही महिन्यांनी उत्तर आलं आणि या खेपेला ताईने श्रीखंड केलं नाही, कारण अर्ज मंजूर झाला होता आणि मंजुरीला काय करायचं ते ठरलेलंच नव्हतं. साडूभाऊ शोकेससमोर उभे राहून लहान पोरासारखे रडले. आम्हीही रडलो, मग कासीमभाईंकडून बिर्याणी आली.

पण मंजुरी मिळाली म्हणजे काम सुरू झालं असं नसतं. त्या लोकांची रीत अशी की आधी करारावर बोलणी, मग पुन्हा बोलणी, मग सहा देशांच्या सह्या. मध्ये ऑगस्ट आला आणि सगळे समुद्रावर गेले. साडूभाऊंची साठी कुणासाठी थांबली नाही. डीनसाहेबांनी जिवापाड खटपट केली, वरपर्यंत जाऊन आले, पण काम सुरू झालेलं असलं पाहिजे हा नियम होता आणि काम सुरू व्हायला थोडे आठवडे कमी पडत होते. खुर्ची होती, ती विद्यापीठाची होती. भागीदार संस्था असते, माणूस नव्हे. आमच्यापैकी हे वाक्य कुणीच उच्चारलं नाही. ते साडूभाऊंनीच विमानतळावर उच्चारलं. "नियम बरोबरच आहे हो," ते मला समजावत होते, जणू मलाच घरी पाठवत होते. "माझ्या हाताखालच्या त्या पोराला मी सगळं शिकवलंय. तो जाईल बैठकीला." गळ्यात स्टेथोस्कोप होता. सुरक्षा तपासणीतल्या माणसाने त्यांना डॉक्टर समजून रांगेत पुढे काढलं.

पुढे दोनेक वर्षांनी सुट्टीत आम्ही गुहागरकडे गेलो तेव्हा मला वाटलं होतं, माणूस खचलेला असेल. ओटीवर तीन घड्याळं टिकटिकत होती: गावचं, अल ऐनचं, ब्रसेल्सचं. साडूभाऊ घरी नव्हते, बैठकीला गेले होते. त्यांच्या गावच्या तीन वाड्यांत बांधाच्या एका दगडी गडग्यावरून पिढीजात भांडण, एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, विहिरीवर बोलत नाहीत. साडूभाऊंनी आल्या आल्या जाहीर केलं होतं की एकट्या एका वाडीचे नारळ मी तपासणार नाही. तिन्ही वाड्या एकत्र आल्या तरच येईन, कारण भुंगा काही गडगा बघून उडत नाही. वर्षभर कुणी आलं नाही. मग झाडं माना टाकायला लागली आणि तिन्ही वाड्या आल्या. आता दर महिन्याला देवळाच्या पडवीत बैठक, कामाचे भाग पाडलेले, प्रत्येक भागाचा प्रमुख दुसऱ्या वाडीचा. ताई सांगत होती, "धोक्यांचा तक्ता पण आहे. पहिल्या ओळीत चंद्र लिहिलाय. लोक विचारतात, चंद्राचा काय संबंध? हे म्हणतात, राहू दे."

साडूभाऊ आले ते उन्हातून, गळ्यात तोच स्टेथोस्कोप. मला बागेत नेलं, एका माडाला तो लावला आणि नळ्या माझ्या कानांत खुपसल्या. मला काहीच ऐकू आलं नाही. "काही नाही ना?" ते म्हणाले. "हेच हवं होतं." झाड त्यांच्या वडिलांच्या वेळचं होतं.

संध्याकाळी त्यांनी टेपरेकॉर्डर काढला. स्पेनच्या बाईंनी पहिल्या बैठकीनंतर त्यांना एक कॅसेट पाठवली होती, त्यांच्या बागेतल्या खजुरातल्या आवाजाची. त्यांनी ती आम्हाला ऐकवली. आधी बाईंचा आवाज, "पार्टनर नंबर सिक्स, धिस इज फॉर यू," आणि मग बराच वेळ कुरकुर कुरकुर. "तोच!" साडूभाऊ म्हणाले. "स्पेनचा काय, अल ऐनचा काय, आपला काय, खाण्याची तऱ्हा एकच." ते आत पाणी प्यायला गेले तेव्हा ताई हळूच म्हणाली, "भुंगा त्यांना पाठ आहे हो. रोज संध्याकाळी लावतात आणि पहिलं वाक्य झालं की बंद करतात."

ते बाहेर आले आणि टेप मागे फिरवायला लागले. बाईंचा आवाज पुन्हा एकदा ओटीवर ऐकू आला, बटण खट्कन बंद झालं, आणि साडूभाऊंनी मान वर करून तिसऱ्या, ब्रसेल्सच्या घड्याळाकडे पाहिलं. "आता त्यांची जेवायची सुट्टी झाली असेल," ते म्हणाले, आणि ताईला म्हणाले, पाहुण्यांसाठी दिवा लाव.